मानाचा चौकोन

माणसाने दुसऱ्यांना वळण लावायला जाऊ नये, आणि जायचंच असेल तर निदान पुराव्यादाखल फोटो काढू नये, एवढं मी आता अनुभवाने सांगू शकतो. मला कोणी विचारलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्या घरात मला कोणी काही विचारत नाही. ठरलं की कळवतात आणि बिघडलं की बोलावतात.

दर रविवारी सकाळी आमच्या घराण्याचा व्हिडिओ कॉल असतो. घराणं फार मोठं नाही. माझे वडील अण्णा, त्यांची थोरली बहीण म्हणजे माझी आत्या, त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे काका, काकांची बायको म्हणजे काकू, आणि आम्ही तिघं: मी, बायको आणि कॉलेजात जाणारी लेक. राहतो तीन वेगवेगळ्या शहरांत. अण्णांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांचा प्रवास बंद झाला, आणि आत्याच्या गुडघ्यांनी तिला जिना उतरायलाही मनाई केलेली आहे. त्यामुळे बहीणभावाची भेट काय व्हायची ती या कॉलवरच. त्यात अण्णांना ऐकू कमी येतं. नुसता फोन कानाला लावला तर त्यांना खरखर तेवढी कळते. समोर तोंड दिसलं, ओठ हलताना दिसले, तरच शब्द हाती लागतात. म्हणून रविवार आला की अण्णा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या खोलीत बसतात आणि आपला फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून पुढ्यात उभा करतात. आम्ही तिघं हॉलमध्ये लॅपटॉपसमोर असतो, कारण अण्णांच्या मते आमच्यासोबत बसलं की आम्हीच जास्त दिसतो.

आता या कॉलवर शिष्टाचार म्हणून काही असावा की नाही? काकांचं फक्त कपाळ दिसायचं. वर्षभर आम्ही त्या कपाळाशी बोललो. काकू फोन हातात घेऊन घरभर फिरायची, त्यामुळे तिच्याशी दोन वाक्यं बोललं की बोटीतून उतरल्यासारखं गरगरायचं. आत्या बोलत असली की तिला दुसऱ्या कोणाचं ऐकू यायचं नाही, आणि ती सदैव बोलतच असायची. शिवाय कोणीतरी, नाव घेत नाही, पण त्यांचं कपाळ मोठं आहे, फोन घेऊन न्हाणीघरात जायचे आणि तिथून घुमणाऱ्या आवाजात राजकारणावर मत द्यायचे. मी एका कार्यालयात आवक-जावक विभाग सांभाळतो. माझ्या टेबलावरून कागदसुद्धा आल्याची नोंद केल्याशिवाय आत जात नाही. असला गोंधळ मला कसा सहन व्हावा? एका शनिवारी बसून मी ‘व्हिडिओ कॉलवर कसे वागावे’ असा छोटासा मजकूर लिहिला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. चेहरा पूर्ण दिसावा, चालू नये, खाऊ नये, एकाने बोलावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, असं साधंच होतं. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. बायको म्हणाली, “हात जोडलेत ते नमस्काराचे नाहीत, अहो.” पण तिला माझ्या कुठल्याच कामाचं कौतुक नसतं.

आश्चर्य म्हणजे पुढच्या रविवारी सगळे शहाण्यासारखे वागले. काकांना भुवया आणि नाकही आहे, असं निष्पन्न झालं. मी इतका भारावलो, की स्क्रीनचा फोटो काढला आणि ‘आदर्श कॉल’ असं लिहून ग्रुपवर टाकला. इथे सगळं फिसकटलं.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. आत्या एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होती. तिथले डॉक्टर तिला विचारून शिंकायचे म्हणतात.

“फोटो बघितला मी,” ती म्हणाली.

“छान आलाय ना?”

“मांजर छान आलंय.”

मी फोटो पुन्हा उघडला. काकू फोन टेबलावर तसाच उभा ठेवून नेमकी त्या क्षणी दार उघडायला गेली होती, आणि तिच्या जागेवर तिचं मांजर बसलं होतं. माझ्या मजकुरातले सगळे नियम पाळून, पूर्ण चेहरा दाखवून, न चालता, न खाता. वरच्या ओळीत पहिलं मांजर, मग काका, मग अण्णा. खालच्या ओळीत आम्ही, आणि अगदी शेवटच्या कोपऱ्यात आत्या.

“मला एक सांग,” आत्या म्हणाली, “ते मांजर आपल्या घराण्यात कधी आलं?”

“अगं, ते काकूचं...”

“ते कळलं. ते माझं नात्याने कोण लागतं, एवढं सांग. कारण ते वर बसलंय आणि मी खाली. तुझ्या बापाला मी कडेवर घेऊन फिरले. तुझ्या काकाचं नाक या हातांनी पुसलंय. आणि मला बसवलं कुठे? मांजराच्या पायाशी.”

“आत्या, बसवलं कोणी नाही. ते यंत्र आपोआप जागा देतं.”

“यंत्राला कुटुंबाची माहिती कोणी दिली?”

“कोणीच नाही.”

“मग देऊन ठेवायची होतीस. एवढं लांबलचक लिहिलंस, चालू नका, खाऊ नका. थोरल्यांना थोरल्यांच्या जागी बसवावं, हे कुठे होतं त्यात?”

आत्याने जाहीर केलं की ती यापुढे त्या कॉलवर येणार नाही. मी तिला म्हटलं, की मग निदान अण्णांशी वेगळा कॉल कर, दोघंच बोला. त्यावर ती जास्तच तापली. “चोरून भेटायला मी काय गुन्हा केलाय? अपमान सगळ्यांच्या देखत झालाय. मान सगळ्यांच्या देखतच मिळाला पाहिजे. मानाने बोलावणार असाल, मानाने बसवणार असाल, तर कळव.” थोड्याच वेळात ग्रुपवर ओळ उमटली, की आत्या ग्रुपमधून बाहेर पडली आहे. त्याखाली काकांनी चुकून टाळ्या वाजवल्याचं चित्र पाठवलं. त्यांना म्हणे रडणारा चेहरा पाठवायचा होता, पण बोट मोठं पडलं.

पुढच्या रविवारी अण्णा नेहमीसारखे दाढी करून बसले. कॉल सुरू झाला आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “ताई आली का?” मी म्हटलं, तिला बरं नाही. त्यापुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, लाइट गेले असतील. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. शर्ट इस्त्रीचा घातला, पण दाढी केली नाही, आणि कॉल अर्धा झाला नव्हता तोच फोन पालथा घालून खिडकीबाहेर बघत बसले. मला वाईट वाटलं. दोघांची वयं बघता किती रविवार उरलेत कोणाला ठाऊक, आणि त्यातले हे एका मांजरापायी फुकट चालले होते. हे प्रकरण आपणच मिटवायचं असं मी ठरवलं. बायको म्हणाली, “तुम्ही काही करू नका, आपोआप मिटेल.” पण ज्याने सुरू केलं त्याने निस्तरलं पाहिजे, अशी माझी शिस्त आहे.

पहिला उपाय मी शास्त्रीय केला. प्रत्येकाच्या स्क्रीनवर जागा वेगळ्या असतात, हे आत्याला पटवलं की झालं. मी सगळ्यांना आपापल्या स्क्रीनचे जुने फोटो असतील ते पाठवायला सांगितले आणि सगळे आत्याला धाडले. पाठवल्यानंतर मी ते नीट पाहिले. जागा वेगवेगळ्या होत्या, हे खरंच. काकांकडे आत्या तिसरी होती, लेक एका रविवारी बाहेरून आपल्या फोनवर आली होती त्या फोटोत चौथी. काकूच्या फोनवर एका वेळी चारच चौकोन मावतात, त्यामुळे तिथे आत्या दुसऱ्या पानावर गेली होती आणि फोटोत मुळी नव्हतीच. पहिली कुठेच नव्हती. आत्याचा फोन आला. “म्हणजे घरोघरी ठरवून चाललंय तर,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

असल्या वेळी शेजारी फार उपयोगी पडतात. आपण बोलावलं नसलं तरी पडतात. आमच्या खालच्या मजल्यावर एक वकील राहतात. कोर्टात त्यांना फारसं कोणी बोलू देत नसावं, कारण जिन्यात ते अडवून बोलतात. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “आधी ‘थोरला’ या शब्दाची व्याख्या करून घ्या. वयाने थोरला, नात्याने थोरला, की येण्याच्या क्रमाने थोरला? उद्या मांजराने हक्क सांगितला तर? कब्जा त्याचा आहे.” मी म्हटलं, मांजर हक्क सांगणार नाही. “हे तुम्ही लेखी घेतलंय का?” त्यांनी विचारलं. समोरच्या दारातल्या दंतवैद्य बाई जिना चढत होत्या. त्यांचं म्हणणं पडलं, की भांडणाचं मूळ कॅमेऱ्याच्या कोनात असतं. खालून कॅमेरा धरला की माणसाच्या खालच्या दाढा दिसतात, आणि दाढा दाखवणाऱ्या माणसाबद्दल कोणालाच माया वाटत नाही. दोन्ही सल्ले मी मनापासून ऐकले. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि बायकोने माझं नाव घेऊन काहीतरी म्हटलं.

मग मी थेट कंपनीकडे जायचं ठरवलं. ज्या कंपनीचा हा कॉल आहे तिची मदतवाहिनी असते. तिथे आधी बराच वेळ संगीत ऐकवतात. तक्रार करणाऱ्याचा राग निवावा म्हणून असेल, पण माझा त्या संगीतानेच वाढला. शेवटी एक गोड आवाजाची मुलगी आली.

“सर, आपल्याला कोणता चौकोन दिसत नाहीये?”

“सगळे दिसतायत. माझ्या आत्याचा वर दिसायला हवा.”

“आत्या कॉलमध्ये आहेत का आत्ता?”

“नाही. चौकोन वर गेल्याशिवाय त्या येणार नाहीत.”

“आणि त्या आल्याशिवाय चौकोन येणार नाही, सर.”

मुलगी हुशार होती. तिने तक्रार कोणत्या प्रकारात घालू म्हणून विचारलं. आवाज, चित्र, पासवर्ड असे प्रकार होते, मानापमान हा प्रकार नव्हता. तिने ती ‘चित्र’मध्ये घातली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की उपकरण बंद करून पुन्हा चालू करावे. मी उत्तर पाठवलं, की आत्याला बंद करून पुन्हा चालू करता येत नाही. त्यावर आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाली आहे असं कळवण्यात आलं आणि आमच्या सेवेला किती तारे द्याल म्हणून विचारणा झाली. मी आवक-जावक विभागात इतकी वर्षं काढली, पण एखादं प्रकरण इतक्या सफाईने निकाली काढणं मला कधी जमलेलं नाही. मी एक तारा दिला, आणि तोही कौतुकाचा.

हे सगळं लेक सोफ्यावर लोळून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, “बाबा, वेटिंग रूम लाव ना. सगळ्यांना बाहेर थांबवायचं आणि आपण एकेकाला आत घ्यायचं. आपल्या लॅपटॉपवर साधारण त्याच क्रमाने चौकोन लागतात.” ‘साधारण’ या शब्दाकडे मी दुर्लक्ष केलं. बाकी ऐकून मला भरून आलं. बाहेर थांबवून क्रमाने आत घेणं! आयुष्यभर मी दुसरं केलंय काय?

क्रम लावायला बसलो आणि वकिलांचा प्रश्न आ वासून पुढे आला. आत्या पहिली, अण्णा दुसरे, इथपर्यंत ठीक. मग काका. मग काकू. पण काकू वयाने काकांपेक्षा मोठी आहे, अशी घरात कित्येक वर्षं कुजबुज आहे. तिची खात्री कोणी केलेली नाही, कारण सगळ्यांना जीव प्यारा आहे. मी फोन करून तिला अगदी अदबीने म्हटलं, की नुसतं वर्ष सांग, तारीख नको. काकू म्हणाली, “मला सगळ्यात शेवटी बसव, जिन्यात बसव, पण हे पुन्हा विचारलंस तर याद राख.” मी तिला शेवटी टाकलं. त्यावर काकांचा फोन आला, की माझ्या बायकोला शेवटी टाकायला ती काय वाटेवर पडलीय का? मी म्हटलं, तिनेच सांगितलं. काका म्हणाले, “ती सांगेल. आपण ऐकायचं नसतं.” वर मी मांजराला कॉलच्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवायची विनंती केल्यामुळे काकू तिकडून ओरडत होती, की मुक्या जिवावर कसला राग काढता.

शनिवारी मी रंगीत तालीम ठेवली. आत्याच्या जागी कोणीतरी बसायला हवं होतं. दंतवैद्य बाईंनी आपण होऊन हात वर केला. दवाखाना रिकामा होता. त्या आपल्या फोनवरून आल्या, मी त्यांना पहिलं आत घेतलं, आणि भूमिका त्यांच्या अंगात शिरली. “मला अजून कोणी नमस्कार केला नाही,” त्या म्हणाल्या. आम्ही नमस्कार केला. “मनापासून नव्हता,” त्या म्हणाल्या. आम्ही पुन्हा केला. मग त्यांनी बायकोला आमच्या मागचा पडदा धुवायला कधी टाकणार म्हणून विचारलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तो पडदा धुवायचा ही गोष्ट खऱ्या आत्यालासुद्धा सुचली नव्हती. या सगळ्यात काका वेळेआधी येऊन बसले होते. क्रम चुकू नये म्हणून मी त्यांना पुन्हा बाहेर काढलं आणि आत घ्यायचं विसरून गेलो. तालीम संपली, आम्ही एकमेकांना शाबासकी दिली, लॅपटॉप बंद केला, आणि मग काकांचा फोन आला. “मी अजून बाहेर उभा आहे,” ते म्हणाले. म्हणजे आता एकाच्या जागी दोन रुसले. काकांना मी फार मिनतवारीने परत आणलं. त्यांची अट एकच होती, की न्हाणीघराचा विषय पुन्हा काढायचा नाही.

मग मी आत्याला बोलावणं केलं. पहिली तू आत येणार, पहिला नमस्कार तुला, मांजर हजर राहणार नाही, असं सगळं सांगितलं. “अण्णा कसा आहे?” तिने विचारलं. मी म्हटलं, दाढी करत नाही. “येते,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी मी सदरा घातला. अण्णांना खुणेने सांगितलं, की आज आत्या येणार आहे. थोड्या वेळाने न्हाणीघरातून दाढीच्या साबणाचा वास आला. सगळे बाहेर थांबले होते. मी आत्याला आत घेतलं. डावीकडे वरती, पहिल्या जागी, तिचा चौकोन उमटला. मग अण्णा. मग काका, ज्यांना मी या खेपेला विसरलो नाही. मग काकू. सगळ्यांनी आत्याला नमस्कार केला, मनापासून केला. कोणी चालत नव्हतं, कोणी खात नव्हतं. पार्श्वभूमीला धुतलेला पडदा होता. आत्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसायला लागलं आणि माझी छाती फुगली. अशा वेळी थांबावं हे ज्याला कळतं तो खरा शहाणा. मी म्हटलं, “बघ आत्या. तू पहिली. सगळ्यांच्या वर.”

आत्याने चष्मा सावरला आणि फोन जवळ घेतला.

“कुठे वर?”

“डावीकडे. सगळ्यात पहिली.”

“डावीकडे तू आहेस. दात काढून बसलेला. मी इथे खाली आहे. कोपऱ्यात. नखाएवढी.”

मी लेकीकडे पाहिलं. लेक कपाळावर हात मारून पुटपुटली, “आपल्याच फोनवर आपण नेहमी कोपऱ्यातच दिसतो, बाबा. ते कोणालाच बदलता येत नाही.”

“म्हणजे एवढं बोलावून, नमस्कार घालून, पुन्हा कोपऱ्यातच?” आत्याचा आवाज चढला. “सगळे मिळून माझी थट्टा करताय का?”

मग शिष्टाचार गेला खड्ड्यात. मी समजावत होतो, बायको माफी मागत होती, काकू म्हणत होती की मांजर आतल्या खोलीत दार ओरबाडतंय तरी कोणाला त्याचं काही नाही. काकांनी मध्यस्थी करायची म्हणून विचारलं, “ताई, तुला तुझंच तोंड मोठं करून कशाला बघायचंय?” आत्या एकदम शांत झाली. ती ओरडते तेव्हा भिण्याचं कारण नसतं, शांत झाली की असतं. “ठीक आहे,” ती म्हणाली. “हे शेवटचं. पुन्हा मला बोलावू नका. कशालाच.” तिचा अंगठा स्क्रीनकडे यायला लागला. आता ही परत येणार नाही, हे मला कळलं होतं, आणि आतल्या खोलीत अण्णा दाढी करून बसले होते.

“ताई,” अण्णा म्हणाले, “चष्म्याची काडी बांधून घेतलीस का गं?”

आमचा गोंधळ त्यांच्यापर्यंत पोचलाच नसावा. आत्याचा अंगठा थांबला.

“कुठे दिसली तुला?” तिने विचारलं.

“दिसणार नाही तर काय? दोरा गुंडाळलायस. पांढरा. दुकानात दे की.”

“एवढ्याशा चौकोनात तुला दोरा दिसला?”

“कसला चौकोन?” अण्णा म्हणाले. “पूर्ण फोनभर दिसतेस. नेहमीसारखी.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे कुठे असतात?” अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. “मला तर एवढे दिवस तूच दिसायचीस. मध्ये तू येईनाशी झालीस तर नुसती पळापळ. एक तोंड यायचं, ते कोणाचं कळेपर्यंत दुसरं यायचं. ओठ धरावे कोणाचे? मला वाटलं, फोन गेला. मग मी पालथा घालून ठेवायचो.”

लेक माझ्या कानात म्हणाली, “आजोबांना बारीक चौकोन दिसत नाहीत ना, म्हणून मी केव्हाच लावून दिलंय. जो बोलतो तो एकटाच मोठा दिसतो.”

“मला सांगायचं नाहीस?”

“तू विचारलंस कुठे? तू नियम लिहीत होतास.”

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाली, “म्हणजे मी सारखी बोलत असते, असं म्हणायचंय तुला.”

“हो,” अण्णा म्हणाले. “बोल की. थांबलीस की जातेस.”

त्यानंतर ती बोलायला लागली आणि कोणाला मध्ये बोटभर जागा मिळाली नाही. चष्म्याचा दुकानदार कसा लुच्चा आहे इथपासून सुरुवात झाली. माझा प्रयत्न एवढाच होता, की हा सुखद प्रसंग घडवून आणण्यात थोडाफार हातभार कोणाचा लागला याकडे घराण्याचं लक्ष जावं. मी दोनदा घसा खाकरला. तिसऱ्या वेळी आत्या थांबली. “तू मध्ये खाकरलास की मी त्याच्या समोरून जाते ना? सगळे जा बघू आता. तुम्हीही जा रे, आणि त्या मांजराला सोडा. बोलू द्या आम्हाला.” लेकीने कॉलचा कारभार अण्णांच्या फोनकडे सोपवला. काका गेले, काकू गेली. आणि माझ्याच कॉलमधून, सदरा घालून, मला बाहेर काढण्यात आलं. बायकोने दुधाची पिशवी आणायला सांगितली, मीही निघालोच होतो.

पण जाता जाता अण्णांच्या दाराशी थबकलो. ते पाठमोरे बसले होते. त्यांच्या खांद्यावरून फोन दिसत होता, आणि फोनमध्ये काठोकाठ आत्याचं तोंड. ती सावकाश बोलत होती, एकेक शब्द पूर्ण तोंड उघडून. आम्ही इतकी वर्षं समजत होतो, की हॉस्पिटलात हुकूम सोडून सोडून तिला तशी सवय लागलीय. अण्णा पुढे झुकून त्या ओठांकडे बघत होते आणि एकही शब्द त्यांच्या हातून सुटत नव्हता. मला गहिवरून आलं. मी आणखी एक पाऊल आत टाकलं.

आत्या बोलता बोलता थांबली.

“मागे कोण उभं आहे रे तुझ्या?”

अण्णांनी वळून पाहिलं. “हा आहे.”

“त्याला सांग, दोन माणसं बोलत असली की मागे उभं राहून ऐकू नये. एवढी साधी रीत कळत नाही, आणि हा निघालाय घराण्याला शिकवायला!”

अण्णांना हे मात्र शब्दन् शब्द कळलं. कित्येक दिवसांनी ते खदखदून हसले आणि मला हाताने जा म्हणाले. मी बाहेर आलो आणि त्यांचं दार हळूच ओढून घेतलं.